गणपतीत पाहिलेलं घर

नारकर साहेबांचा पहिला अहवाल टाइप करायला घेतला तेव्हा मला वाटलं, हा माणूस एक तर नवखा असावा किंवा थोडा वेडसर. ते दोन्ही नव्हते. नोकरीला बारा वर्षं झाली होती त्यांच्या. छापील फॉर्मात 'घरातील वातावरण' असा एक रकाना होता. बाकीचे अधिकारी त्यात 'समाधानकारक' असं लिहून मोकळे व्हायचे. नारकरांनी लिहिलं होतं, 'मुलाची ताटली फळीवर आहे. पोचे आले आहेत, पण घासलेली आहे.'

मी तो कागद घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले. माझा स्वभाव तेव्हाही खवचटच. म्हटलं, "साहेब, भांड्यांची यादी वेगळ्या कागदावर देऊ का?"

त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. "नको, पाटणकर बाई. तिथंच असू दे. मॅजिस्ट्रेट बाईंना कळतं ते."

ही ऐंशी-एक्क्याऐंशीची गोष्ट. रत्नागिरीत समाजकल्याणचं एक छोटं कार्यालय होतं, कौलारू, मागच्या बाजूला फणसाचं झाड. तिथे मी टायपिस्ट होते. नारकर तिथे लहान मुलांचे परिविक्षा अधिकारी. नाव मोठं, काम त्याहून मोठं, माणसं मोजकी. चोरी करताना धरलेली, घरातून पळालेली, एसटी स्टँडवर एकटी सापडलेली पोरं पोलीस आमच्या बालगृहात आणून सोडत. मग नारकरांनी त्या पोराच्या घरी जायचं, घर बघायचं आणि पोर परत घरी द्यावं की नाही ते कोर्टाला लिहून कळवायचं. त्यांच्या चार ओळींवर एकेका पोराचं सगळं आयुष्य इकडचं तिकडे व्हायचं. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणून त्या चार ओळी लिहायला त्यांना चार चार दिवस लागायचे. आमचे मोठे साहेब त्यावरून कातावायचे.

दिसायला नारकर अगदी सामान्य. उंच, किडकिडीत, थोडा पोक काढून चालणार. पांढरा बुशशर्ट आणि खिशाखाली शाईचा एक कायमचा डाग. चपला मात्र कधी स्वच्छ पाहिल्या नाहीत. उन्हाळ्यात जांभ्याची तांबडी धूळ, पावसाळ्यात तोच चिखल. शिपाई लादी पुसून झाला की हे हजर. "साहेब, तुम्ही सगळा जिल्हा पायाला लावून आणता," असं तो वैतागून म्हणायचा. ते मूळचे पावसकडचे. घरी बायको, दोन मुली. त्यांच्याबद्दल फारसं बोलायचे नाहीत. एकूणच बोलणं बेताचं. कुत्र्यांना मात्र इतके घाबरायचे की बारा महिने हातात छत्री. वाडीत शिरताना छत्री पुढे आणि साहेब मागे.

त्या छत्रीचा दुसराही उपयोग होता. पोलीस पोराला मनगटाला धरून आणत. नारकरांनी कधी पोराला हात धरून नेलं नाही. बालगृहातून कोर्टात न्यायचं असलं की ते छत्री पोराच्या हातात द्यायचे आणि स्वतः दहा पावलं पुढे चालायला लागायचे. "दुसऱ्याची वस्तू सांभाळायला दिली की पोर पळत नाही," असं त्यांचं म्हणणं. एकदा एक पोरगा छत्रीसकट पळाला. आम्ही त्यावरून त्यांना आठवडाभर छळलं. मी तर म्हटलं, "साहेब, आता छत्रीसाठी एक परिविक्षा अधिकारी नेमू या." तिसऱ्या दिवशी तो पोरगा कार्यालयाच्या पायरीवर येऊन बसला. छत्री मांडीवर आडवी. नारकरांनी ती घेतली, उघडून बघितली आणि म्हणाले, "काडी मोडलीस रे." बस्स. रागावलेसुद्धा नाहीत.

ताटलीचं गुपित मला पुढे कळलं. घरी गेले की नारकर आधी पाणी मागायचे. पडवीत बसायचे. पाऊसपाणी, भात, आंब्याचा मोहोर, मुंबईला कोण असतं, सगळं विचारून व्हायचं. पोर बरोबर असलं तर ते तिथेच कुठेतरी घोटाळत असायचं. मग मध्येच, सहज विचारल्यासारखं ते पोराला विचारायचे, "तुझी ताटली कुठली रे?" आणि पोराच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघायचे.

"तोंड घरच्यांनी शिकवून ठेवलेलं असतं," ते मला एकदा म्हणाले. "पायांना कोणी शिकवत नाही. आपली ताटली असली की पोर धावत जाऊन घेऊन येतं. नसली की उभंच राहतं आणि मोठ्यांच्या तोंडाकडे बघतं." दुसरा प्रश्न ठरलेला असायचा, "अंथरूण कुठं घालतात तुझं?" या दोन प्रश्नांवर त्यांची बारा वर्षांची नोकरी उभी होती.

मिरकरवाड्यातला एक मासेमाराचा पोरगा होता. बंदरावरच्या मालात हात घातला म्हणून धरलेला. घरात म्हातारी दादी आणि चार भावंडं. छपराला पत्रे कमी आणि भोकं जास्त. मोठ्या साहेबांचं मत असं की असल्या घरात पोर परत पाठवणं म्हणजे पुन्हा चोरीलाच पाठवणं. नारकर पोराला घेऊन गेले. प्रश्न विचारला. पोरगा टुणकन उडी मारून वरच्या फळीवरून जर्मनची ताटली काढून घेऊन आला. तीन महिने पोरगा बालगृहात, पण ताटली लख्ख. नारकरांनी दादीला विचारलं, ही कशी काय घासलेली? म्हातारी चिडलीच त्यांच्यावर. "रोज धुते मी. पोरगा अचानक आला तर काय धुळीच्या ताटलीत जेवंल?"

तोच तो अहवाल, ज्याच्यावर मी भांड्यांच्या यादीचा विनोद केला होता. पोरगा घरी गेला, तो पुन्हा कधी आमच्याकडे आला नाही. म्हणजे आला, पण वर्षभराने, पानात बांधलेले बांगडे घेऊन. नारकर मासे खात, पण सरकारी कामातलं काही घ्यायचं नाही म्हणून त्यांनी ते मला दिले. मी बामणाची. शेवटी ते शिपायाच्या घरी शिजले.

उलटंही व्हायचं. गावातल्या एका चांगल्या खात्यापित्या घरात पोराला दोन दोन शर्ट शिवून ठेवलेले होते, आणि ताटली विचारल्यावर ते पोर मामीच्या तोंडाकडे बघत उभं राहिलं. नारकरांनी पोर परत दिलं नाही. त्या मामाने वरपर्यंत तक्रार केली. नारकर आपल्या म्हणण्यावरून हलले नाहीत. एरवी इतका मवाळ माणूस, पण या बाबतीत जांभ्याचा दगड.

आता मी वनिताबद्दल सांगणार आहे. इतकी वर्षं टाळलं.

गिरण्यांचा संप झाला त्याच्या पुढच्या वर्षी वनिता आमच्याकडे आली. नऊ वर्षांची, काळीसावळी, डोळे मोठाले. आई मुंबईलाच वारली होती. बापाची गिरणी बंद. चाळीतली खोली सोडून तो कुठल्यातरी गाळ्यात चार जणांबरोबर राहायला लागला, तिथे पोरीला कुठे ठेवणार? म्हणून त्याने तिला गावी, लांज्याच्या बाजूला, भावाकडे आणून सोडलं होतं. एसटीतून उतरून दीड तास चालायची ती वाडी. घरात काका, काकी आणि त्यांच्या दोन मुली. आठ महिन्यांनी वनिता तिथून निघाली, चालत आणि मग कुणाच्या तरी ट्रकमधून रत्नागिरीला आली, आणि मुंबईच्या गाडीत शिरताना कंडक्टरने तिला धरलं.

बालगृहात ती कुणाशी बोलेना. नारकरांशी मात्र बोलायला लागली. कार्यालयात आली की माझ्या टाइपरायटरशेजारी उभी राहायची. मी तिला तिचं नाव टाइप करून दिलं होतं, ते तिने फ्रॉकच्या खिशात ठेवलं. का पळालीस असं विचारलं की एकच उत्तर. "बाबांकडे जायचंय."

काकी दोनदा येऊन गेली. कार्यालयाच्या ओटीवर बसून डोळ्यांना पदर लावायची. "आमचीच पोर हाय ती, साहेब. आमी काय तिला टाकनार हाव? आवस नाय तिला, आमी नाय बघनार तर कोन बघनार?" मलाही ती बाई वाईट वाटली नव्हती. अजूनही मी तिला नुसती वाईट म्हणू शकत नाही.

गणपती जवळ आले आणि बालगृहातली सगळी पोरं रडायला लागली. दर वर्षी हेच व्हायचं. बाकी बारा महिने कशीही राहतील, पण गणपतीत घर हवं. नारकरांनी कोर्टाची परवानगी काढली. वनिताला गणपतीला घरी न्यायचं, त्याच फेरीत घराची चौकशीही उरकायची. बापही येणार होता मुंबईहून. ते तिला घेऊन गणपतीच्या दुसऱ्या दिवशी वाडीत पोचले.

परत आले तेव्हा मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं, असे खूश. टेबलाशी बसून मला सगळं सांगितलं. घर नव्याने सारवलेलं, भिंतीला चुना, गणपतीवर बांधलेल्या माटवीला कांगणीची फळं, नारळ, काकड्या लटकवलेल्या. मुंबईची अठरा माणसं घरात. आरत्यांनी घर दणाणलेलं. बापूस दिसला आणि वनिता त्याच्या कमरेला जी चिकटली ती सुटेचना. काकीने स्वतः तिची वेणी घातली. चुलत बहिणींच्या जोडीने फुगड्या घालत होती.

"आणि ताटली?" मी हसत विचारलं.

"विचारली ना!" तेही हसले. "म्हटलं, वने, तुझी ताटली कुठली गो? तर कशी म्हणते, काका, आज सगळ्यांना पानं आहेत! सगळी पंगत हसली, बाई. मी पण हसलो."

झोपायचं विचारलं तर काकीने माजघर दाखवलं. बायका-पोरी सगळ्या एका ओळीत, एकाच लांब जाजमावर. वनिता बहिणींच्या मध्ये झोपली होती, हे नारकरांनी स्वतः पाहिलं, कारण तेही त्या रात्री तिथेच ओटीवर राहिले होते.

त्यांनी अहवाल एका दिवसात लिहिला. 'मुलगी पंगतीत सर्वांबरोबर जेवते. माजघरात बहिणींच्या शेजारी झोपते. घरात माणसं भरपूर आहेत. मुलगी आनंदात आहे.' मी तो टाइप केला. मीही कोकणातलीच. माझ्या माहेरीही गणपतीत पानं मांडतात, माझ्याही घरी पाहुण्यांच्या ओळी झोपतात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळे निघून गेले की त्याच घरात आपल्या पावलांचा आवाज आपल्यालाच येतो. हे मला जन्मापासून माहीत होतं. तरी त्या चार ओळी टाइप करताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते आनंदाने. कोर्टाने पोर घरीच ठेवायचा हुकूम केला. पुढची भेट तीन महिन्यांच्या आत द्यायची होती. नारकरांनी ती दिवाळीनंतरची ठेवली. ज्यांची काळजी वाटायची त्या घरांना ते आधी जात, आणि वनिताचं घर त्या यादीत नव्हतं.

भात कापणीच्या दिवसांत हॉस्पिटलमधून एका नर्सचा निरोप आला. तुमच्या बालगृहातली एक मुलगी इथे आहे, फुरसं चावलंय, आणि ती सारखी 'छत्रीवाले काका' म्हणतेय.

नारकर धावत निघाले. मीही मागोमाग गेले. फुरशाचं विष हळूहळू मारतं. रक्त थांबत नाही. वेळेवर आणलं तर माणूस वाचतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. वनिताला तिसऱ्या दिवशी सकाळी आणलं होतं. चावलं होतं रात्री. सकाळपर्यंत ती कुणाला बोललीच नव्हती. सकाळी पाय सुजलेला काकीने पाहिला तेव्हा काटा लागला असेल म्हणून हळद बांधली. काका कापणीवर. पुरुषमाणूस वाडीत दुसरं कोणी नाही, सगळे मुंबईला. डोली करून खाली आणायला संध्याकाळ झाली, आणि संध्याकाळी गाडी नाही, म्हणून ती रात्रही खालीच गेली.

मी वॉर्डच्या दाराशीच थांबले. नारकर तिच्या खाटेशी स्टुलावर बसले होते. तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, नर्स पुसत होती. नारकरांनी काही विचारलं नाही. तीच बोलायला लागली, अगदी हळू, पण शुद्धीवर होती; दाराशी मला ऐकू येत होतं.

"काका, माझी ताटली ना, गोठ्यात आहे. खुंटीच्या वर."

नारकरांनी तिच्या अंगावरची चादर सारखी केली.

"त्या दिवशी तुम्ही विचारलंत. पण पानं होती ना, म्हणून नाही दाखवली."

"हां गो बाय," ते म्हणाले. "बोलू नकोस आता."

"मी तिथेच झोपते. पेंढ्यावर. रात्री काकीला उठवलं की ओरडते."

ती दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. बाप मुंबईहून पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. तो माझ्यासमोर बाकावर बसून राहिला, हातात तिच्यासाठी आणलेली रबरी चप्पल. मी त्याला पाणी दिलं आणि आत जाऊन रडले. अजून ती चप्पल आठवली की मला काही सुचत नाही.

मोठे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी नारकरांना बोलावून समजावलं. "नारकर, साप चावला, त्याला तुम्ही काय करणार? अपघात आहे हा. विषय बंद करा."

"गोठ्यात चावला साहेब," नारकर म्हणाले. "माजघरात नाही चावला."

त्यांनी स्वतःविरुद्ध एक पत्र लिहिलं आणि टाइप करायला माझ्याकडे आणून दिलं. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे. 'मी घर पाहिलं नाही, मी गणपती पाहिला.' मोठ्या साहेबांनी ते वर पाठवायला नकार दिला, तेव्हा नारकरांनी ते स्वतः टपालात टाकलं. महिन्याभराने ज्ञापन आलं, आपणास आपले म्हणणे मांडायचे असल्यास वगैरे. त्यांनी त्याच्याखाली 'मान्य' एवढंच लिहून परत पाठवलं. पुढे काही झालं नाही. झालं असतं तर कदाचित त्यांना बरं वाटलं असतं.

त्यानंतर ते पाच वर्षं नोकरीत होते. काम सोडलं नाही. नवा कायदा आला, फॉर्म बदलले, रकाने वाढले. ते प्रत्येक घरी दोनदा जायला लागले, एकदा माणसं असताना आणि एकदा नसताना. दुसऱ्या फेरीचा हुकूम नसायचा, मग रजा टाकून जायचे. नव्या अधिकाऱ्यांना सांगायचे, सणात चौकशीला जाऊ नका. ते पोरगे तोंडावर हो म्हणायचे आणि मागे हसायचे, कारण गणपतीतली फेरी म्हणजे जेवण चांगलं. एकदा असं हसताना मला ऐकू आलं आणि मी त्या दोघांना असं काही बोलले की पुढे वर्षभर त्यांनी आपले कागद मला टाइप करायला दिले नाहीत.

नारकर आमच्याशी हसून बोलायचे. पण मोठ्याने हसलेले मी पुन्हा पाहिले नाहीत. निवृत्तीच्या दिवशी हार घातला, नारळ दिला. भाषण करा म्हटलं तर उठून उभे राहिले, "बरं आहे," म्हणाले आणि बसले.

त्यानंतर एकदाच भेटले. गौरी-गणपती विसर्जन होऊन गेलं होतं आणि दीर-जावेला मुंबईच्या गाडीत बसवायला मी स्टँडवर गेले होते. चाकरमान्यांची ही गर्दी. टपावर तांदळाची पोती, नारळ, भोपळे. रडणाऱ्या म्हाताऱ्या, खिडकीतून हात. त्या गर्दीच्या पलीकडे एक गाडी लांज्याकडच्या आडवाटेच्या गावांना जाणारी उभी होती, आणि तिच्यात नारकर बसले होते. केस सगळे पांढरे झालेले. मी गर्दीतून वाट काढत खिडकीशी गेले.

"साहेब, तुम्ही? आता कुठं?"

"जरा जाऊन येतो," ते म्हणाले. "आजपासून घरं रिकामी होतात ना. आता दिसतील."

खिशातून त्यांनी एक घडी घातलेला कागद काढून मला दाखवला. मुलांची नावं होती, त्यांनीच कधीतरी घरी परत दिलेल्या. काहींवर बारीक रेघ. "ती मोठी झाली, आपापल्या मार्गाला लागली," ते म्हणाले. "बाकीच्यांकडे जातो. पाणी मागतो, बसतो, येतो."

"वर्षातून एकदा?"

"जमेल तसं."

मी विचारू नये ते विचारलं. "वनिताच्या वाडीला जाता?"

"तिथं आधी जातो."

"तिथं आता काय बघायचं, साहेब?"

त्यांनी कागदाची घडी घालून तो खिशात ठेवला. "काकी पाणी देते," ते म्हणाले. "ती काही बोलत नाही, मी काही बोलत नाही. मग गोठ्यात जाऊन थोडा वेळ उभा राहतो. तिथनं निघालं की पुढची घरं नीट दिसतात."

कंडक्टरने घंटी मारली. गाडीत ते दोघंच होते, नारकर आणि कंडक्टर. इकडे जाऊबाई मला हाका मारत होत्या, त्यांची पिशवी माझ्याकडेच राहिली होती. खरं म्हणजे मी त्या रिकाम्या गाडीत चढायला हवं होतं. अहवाल त्यांनी लिहिला होता, पण 'पंगत' हा शब्द मीही वाचला होता, आणि मला कळायला हवं होतं. मी पिशवी घेऊन मुंबईच्या गाडीकडे गेले.